सातव्या पायरीवर दोन बोटे

नागपूर, १२ ऑगस्ट १९९६

बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना, ते आधी लिहा.

गेल्या आठवड्यात मला विद्यापीठाच्या संगणक केंद्रात खाते मिळाले. एका खोलीत आठ संगणक तारांनी एकमेकांना जोडलेले आहेत आणि सगळ्या विभागांचे विद्यार्थी ते मिळून वापरतात. आपण बाहेरच्या खोलीत एका पडद्यासमोर बसायचे, नाव आणि पासवर्ड टाकायचा. मग काम आठांपैकी कुठल्या संगणकावर चालेल ते आपण ठरवत नाही. काम रांगेत टाकून यायचे, नंबर लागला की ते चालते आणि उत्तर आपल्या फाइलीत येऊन पडते.

पहिल्या दिवशी अर्धा तास मी भरती-ओहोटीचा प्रोग्राम चालवायला बघत होते. दर वेळी पडद्यावर एकच ओळ: अशी कमांड सापडली नाही. शेवटी केंद्रातल्या जगनसरांना विचारले. ते म्हणाले, "आहे ना इथेच. पण तुम्ही मागितला कुठे?" इथे सगळे प्रोग्राम एका सामायिक जागी ठेवलेले असतात. आत आल्यावर आज मला अमुक हवा असे दर वेळी सांगावे लागते. काल सांगितलेले आज चालत नाही.

आता कामाचे. माझ्या प्रबंधाचा विषय पक्का झाला: आपल्या चेंदणीच्या बंदरावर भरती दरवर्षी किती उशिरा येते आणि त्याचा खाडीतल्या गाळाशी काय संबंध. असे रोजचे मोजमाप दुसऱ्या कोणाकडे नाही म्हणून माझे मार्गदर्शक सर खूश आहेत. १९८९ पासूनच्या तुमच्या वह्या मला हव्यात. मूळ वह्या पाठवू नका, नक्कल चालेल. जुलैअखेरपर्यंतच्या सगळ्या नोंदी द्या.

आत्याला नमस्कार.

मालू

ठाणे, २२ ऑगस्ट १९९६

चि. मालू, आशीर्वाद.

पत्र पोचले. मी वेळेवर जेवतो. सकाळी भात लावतो, तोच दोन्ही वेळा पुरतो. शेजारच्या नाथाच्या घरून कालवण येते.

तुझ्या संगणकाचे मला समजले. वागळे इस्टेटला आमच्या कारखान्याच्या टूल रूममध्येही असेच होते. मायक्रोमीटर, गेज सगळ्यांचे मिळून. खिडकीवर जाऊन आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, तो खिळ्याला टांगून माणूस टूल हातात द्यायचा. संध्याकाळी टूल परत, बिल्ला परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे. कालचा बिल्ला आज कोणी विचारत नसे.

नकला करायला घेतल्या आहेत. सात वर्षांच्या आहेत, दोन आठवडे लागतील. नेहमीप्रमाणे दिवसाच्या भरतीची तारीख, तिथी, वेळ आणि पाणी कितव्या पायरीला लागले ते लिहितो. पायऱ्या वरून मोजलेल्या आहेत, प्रत्येक पायरी सात इंच. पायरीवर उरलेले पाणी बोटांनी मोजले आहे, एक बोट म्हणजे पाऊण इंच धर. जुलैअखेरपर्यंतचे सर्व आहे.

नारळी पौर्णिमेला यंदा आपल्याकडे काही नाही. वर्ष झालेले नाही.

बाबा

नागपूर, १७ सप्टेंबर १९९६

बाबा,

नकला मिळाल्या. एवढे सुंदर अक्षर की जगनसरांनी एक पान मागून घेतले आणि बाकीच्या मुलांना दाखवले, "बघा, डेटा याला म्हणतात."

त्याच सरांची आदल्या दिवशी बोलणी खाल्लेली. मी रांगेत न टाकता प्रोग्राम थेट समोरच चालवला. ज्या संगणकातून सगळे आत येतात तो त्याने अडला आणि वीसएक जणांचे पडदे थिजले. सर बाहेर येऊन म्हणाले, "कोळीबाई, हे दार आहे. दारात चूल मांडू नका, लोकांना आत जायचंय." सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झालेले.

आता रोज तीन तास नोंदी टाइप करते. १९९२ संपले. वाचत नाही, नुसते आकडे मारत जाते. नाहीतर मध्येच आईचे बाजाराचे दिवस आठवतात आणि चूक होते.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायचे ठरवले आहे: निरीक्षण, सहदेव कोळी, चेंदणी. चालेल ना?

मालू

ठाणे, २६ सप्टेंबर १९९६

चि. मालू, आशीर्वाद.

माझे नाव घालू नये. मी काही संशोधक नाही. "कुटुंबीयांनी केलेल्या नोंदी" एवढे पुरे.

दाराचे वाचून नाथाला सांगितले. तो म्हणाला, बंदरावर बर्फाच्या गाडीपुढे होडी लावणाऱ्यालाही आपण हेच ऐकवतो.

पाऊस अजून आहे. माझा खोकला गेला.

बाबा

नागपूर, १४ ऑक्टोबर १९९६

बाबा,

एक अडचण आली आहे. तुम्ही तपासणी खात्यात होतात म्हणून तुम्हालाच लिहिते.

सगळ्या नोंदी एकदम चालवल्या. सहा वर्षे उत्तर छान येते. तुम्ही लहानपणी शिकवलेला नियम मी फाइलीत घातला आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, आणि आपल्या खाडीसाठी वर अर्धा तास. १९८९ साली पाणी या नियमापेक्षा दहाबारा मिनिटे उशिरा यायचे. दर वर्षी हा उशीर थोडा वाढतो. यंदाच्या जानेवारीत तो अर्ध्या तासावर गेला. म्हणजे खाडी गाळाने भरते आहे, हेच मला दाखवायचे होते.

पण फेब्रुवारी ९६ नंतर उशीर एकदम नाहीसा होतो. खाडी एका आठवड्यात कित्येक वर्षांपूर्वीची झाल्यासारखी. मार्गदर्शक सर म्हणाले, "एक तर कोणीतरी अख्खी खाडी उपसली, नाहीतर तुला सॉफ्टवेअर वापरता येत नाही."

मला दुसरेच खरे वाटते. इथे या प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या आहेत, जुनी आणि नवी. मी नवी मागत होते. आता जुनी मागून चालवली, तेच उत्तर. वेगवेगळ्या संगणकांवर पाठवली, तेच. वर्षांचे तुकडे करून चालवले तरी तेच. फेब्रुवारीत लीप वर्षाचा दिवस आहे, तिथे काही गडबड असेल म्हणून दोन दिवस घालवले. नाही.

वीस डिसेंबरला विभागापुढे बोलायचे आहे. ही उडी समजली नाही तर सर विषय बदलायला सांगतील. मग वर्ष गेलेच.

नवरात्र बसले. टेंभी नाक्याला देवीपुढे गर्दी झाली असेल. तुम्ही जाता का?

मालू

ठाणे, २४ ऑक्टोबर १९९६

चि. मालू, आशीर्वाद.

आमच्याकडे एखादा लॉट शंकास्पद निघाला तर तो बाजूला काढून ठेवत. बाकीचा माल पुढे जाई. तू फेब्रुवारी ते जुलै हा भाग काढून टाक. सहा वर्षे पुरेशी आहेत. सरांना सांग की तेवढ्या नोंदी खात्रीच्या नाहीत.

तुझ्या कामात दोष नसावा. तरी यंत्र एकदा तपासून घे.

टेंभी नाक्याला जातो. नवरात्रात गर्दी होती.

बाबा

नागपूर, २ नोव्हेंबर १९९६

बाबा,

काढून टाकता येत नाही. खात्रीच्या नाहीत म्हटले की सर लगेच विचारतात, का नाहीत? माणूस तोच, पायऱ्या त्याच, घड्याळ तेच. मग आधीच्या सहा वर्षांची खात्री कशी?

तुम्ही मला सांभाळून घ्यायला बघताय ते कळते. पण चूक माझीच असणार. आता सगळे पुन्हा टाइप करते, पहिल्यापासून. केंद्र सकाळी आठला उघडते, मी साडेसातला दारात असते. जगनसर म्हणतात, किल्ली तुमच्याकडेच देतो.

दिवाळीला येत नाही.

मालू

डोंबिवली, १४ नोव्हेंबर १९९६

मालू पोरी,

ही भागीरथी आत्या. सून लिहितेय, मी सांगतेय, तेव्हा अक्षराला हसू नको.

दिवाळीला तू नाय आलीस, म्हणून मीच भाऊबीजेला ठाण्याला गेले. तुजा बापूस बारीक झालाय. म्हटलं चल डोंबिवलीला, पोरं हायत, जेवण गरम मिळंल. तर म्हणतो बघू. आणि बाय, मी त्याला म्हटलं, चल जरा बंदरावर बसू, वारा लागंल. तर उठला नाय. खिडकी पन लावून घेतलेली, खाडीकडची. नाथाची बायको म्हणते, सगुणा वहिनी गेल्यापासून भाऊजींनी बंदराचं तोंड बघितलं नाय. पायऱ्यांपर्यंत पन नाय. घड्याळ घेऊन निघतात आणि उलट्या दिशेला जातात.

फोनवर काय बोलू नको. नाथाच्या घरी फोन म्हणजे आख्खी आळी कान लावते. पत्र लिही.

आत्या

नागपूर, २५ नोव्हेंबर १९९६

बाबा,

आत्याचे पत्र आले. त्यात काय आहे ते लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी शनिवारी नेहमीची फाइल उघडली आणि यंदाच्या आठ फेब्रुवारीपासून पुढचा भागच तेवढा वेगळा काढला. प्रत्येक नोंदीतून नियमाची वेळ वजा केली. एकशे पंचाहत्तर दिवस, एकशे पंचाहत्तर शून्ये. मधे पाऊस झाला, वारा सुटला, उधाण आले, पाणी एकदाही मिनिटभर इकडेतिकडे झाले नाही. इतके दिवस मी सरासरी काढून आलेखच बघत होते, एकेक आकडा असा खाली खाली कधी वाचलाच नव्हता.

आणि पहिल्या तेरा दिवसांच्याही नोंदी आहेत, बाबा. आई गेल्यानंतरचे ते तेरा दिवस मी घरी होते. तुम्ही उंबऱ्याबाहेर पडला नव्हतात.

मी रागावले नाही. फक्त एवढे सांगा की त्या आधीच्या सहा वर्षांच्या नोंदी खऱ्या आहेत ना. त्या खोट्या असतील तर तसेही लिहा. मी सरांना जाऊन सांगेन. पण मला खरे कळायला हवे.

मालू

ठाणे, ८ डिसेंबर १९९६

चि. मालू, आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. लिहायला बसलो की दुसरे काही काम आठवत होते.

तुझे यंत्र ठीक आहे. तुझेही काही चुकलेले नाही. आठ फेब्रुवारीपासूनच्या सर्व नोंदी मी घरात बसून केल्या. पंचांगातली तिथी घेतली, पाऊणने गुणली, अर्धा तास मिळवला. पायऱ्या मागच्या वर्षीच्या त्याच तिथीच्या उतरवल्या. रोज जेवण झाल्यावर लिहीत असे. मे महिन्यात तू चार दिवस आलीस तेव्हा मी घड्याळ घेऊन निघायचो, तो टेंभी नाक्याला जाऊन बाकावर बसायचो आणि तासाभराने परत यायचो.

तीस वर्षे मी तपासणीत काढली. न मोजता शिक्का मारला म्हणून एका माणसाची मी बदली करायला लावली होती. तेव्हा मी काय केले आहे हे मला कळत होते. तू रोज सकाळी जाऊन पुन्हा टाइप करतेस हे वाचले तेव्हाच लिहायला हवे होते. ते लिहिले नाही, ही दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

आधीच्या सहा वर्षांच्या नोंदी खऱ्या आहेत. पण त्या माझ्या नाहीत.

तू दहावीला प्रदर्शनासाठी हे मोजमाप सुरू केलेस. परीक्षा आली तसे तुझे जाणे थांबले. तुझी आई तशीही मासळीसाठी बंदरावर असायची. तिने ते चालू ठेवले. मला कारखान्यात पंचवीस वर्षे झाल्याबद्दल मिळालेले घड्याळ ती पिशवीत गुंडाळून पदराला बांधून न्यायची. तिला आकडे लिहिता येत नव्हते, पण घड्याळ कळत होते. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती चुलीपाशी बसून सांगायची, "तीन वाजून बारा. सातवीवर दोन बोटं." मी लिहायचो. एवढेच माझे काम. मी विचारले होते, कशाला करतेस? म्हणाली, "मालू विचारील कधीतरी."

मी निवृत्त झाल्यावर म्हणालो, आता मी जात जाईन. ती हसली. "तुमी कारखान्याचं मानूस. तुमाला पानी कलत नाय. ते थांबलं असं वाटतं, आणि अजून बोटभर चढतं." शेवटच्या वर्षी ती म्हणायची की पाणी आता उशिरा येते. मी म्हणायचो की नियम बदलत नाही.

तिची शेवटची नोंद सात फेब्रुवारीची आहे. तीन वाजून चौदा मिनिटे. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्या दिवसाची जागा वहीत मोकळी दिसत होती. मला ती तशी ठेवता येईना, म्हणून भरली. मग पुढची.

तुझ्या पहिल्या पानावर माझे नाव नको असे म्हणालो त्याचे कारण हे.

आणखी एक. एक बोट म्हणजे पाऊण इंच असे मी कळवले आहे. ते माझ्या बोटाचे माप आहे. मोजणारी ती होती. तिचे बोट मी कधी मोजले नाही. आता उपाय असा की तू तुझे मोज. तुझे हात तिच्यासारखे आहेत.

सरांना सर्व सांगावेस. माझ्या नावाने सांगितले तरी हरकत नाही.

बाबा

नागपूर, २२ डिसेंबर १९९६

बाबा,

परवा बोलून झाले. वीस मिनिटे मी, पाऊण तास प्रश्न.

सरांना आधीच सगळे सांगितले होते. ते म्हणाले की आठ फेब्रुवारीपासून नोंदी नाहीत असे सरळ लिही, कारण निरीक्षक वारल्या. विषय तोच राहिला आहे.

तुमच्या एकशे पंचाहत्तर नोंदी फाइलीतून काढल्या, पण वेगळ्या नावाने जपून ठेवल्या आहेत. जुनी खाडी कशी होती ते त्यांत आहे.

बोटांचे केले. भौतिकशास्त्र विभागातून व्हर्नियर मागून आणला. पाच वेळा मोजले, सरासरी एक पूर्णांक पाच दशांश सेंटिमीटर. तुमचे पाऊण इंच म्हणजे एक पूर्णांक नऊ. सहा वर्षांच्या उंच्या नव्याने काढून काम रांगेत टाकले. जगनसर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "आज काय मोजताय?" मी म्हटले, आईचं बोट. त्यांनी माझे काम रांगेत पुढे घेतले. तसे ते कोणासाठी करत नाहीत.

तुम्ही सकाळी आठला कामावर जायचात आणि सहाला यायचात. दुपारी तीनची भरती कोण बघते, हे सात वर्षांत मला एकदाही विचारावेसे वाटले नाही. मला वाटायचे, वही आहे म्हणजे तुम्हीच.

पहिले पान सोबत पाठवते. निरीक्षण, सगुणा सहदेव कोळी. लेखन, सहदेव कोळी. आता त्यातले काही बदलणार नाही.

फेब्रुवारी ९६ नंतर उशीर वाढला की थांबला ते मला सांगता येत नाही. सर म्हणाले, एक वर्षानंतरची एक जरी खरी नोंद असती तरी शेवटच्या प्रकरणात घालता आली असती. मी तुम्हाला जा म्हणत नाही. ते म्हणाले ते तुम्हाला कळवले.

मालू

ठाणे, २७ फेब्रुवारी १९९७

चि. मालू, आशीर्वाद.

काल तिथीने वर्षश्राद्ध झाले. भागीरथी आली होती. तिच्याकडे राहायला येत नाही असे तिला सांगितले. ती रागावली, पण जेवून गेली.

दुपारी घड्याळ घेऊन बंदरावर गेलो. माघ वद्य चतुर्थी, म्हणजे नियमाने साडेतीन. मी अडीचलाच जाऊन बसलो. साडेतीनला पाणी नवव्या पायरीवर होते आणि चढत होते. शेजारी दौलत जाळे विणत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "घड्याळ काय बघताय? वहिनी चार वाजेपर्यंत उठायची नाय."

चारला एक मिनिट कमी असताना पाणी थांबले असे मला वाटले. वही उघडली. मग तिचे बोलणे आठवले म्हणून थांबलो. ते अजून बोटभर चढले.

नोंद खालीलप्रमाणे.

२६ फेब्रुवारी १९९७. माघ वद्य चतुर्थी. चार वाजून चार मिनिटे. सातव्या पायरीवर दोन बोटे. बोटे माझी आहेत. तू कळवलेल्या मापाने तुझ्या आईची अडीच होतील.

ही नोंद मी पाहून केली आहे. आजचीही केली आहे, ती पुढच्या पत्रात इतरांबरोबर पाठवतो. मधल्या वर्षाची पाने कोरी ठेवून नवी वही घातली आहे.

बाबा